प्रश्नातला शब्द कोणत्या जातीचा?

इंग्रजीच्या पेपरात ‘शब्दाची जात ओळखा’ असे आले की पुष्कळजण पाठ केलेली यादी आठवू लागतात. पण शब्दाची जात त्याच्या रूपावरून ठरत नाही. वाक्यात तो कोणते काम करतो यावरून ठरते. प्रश्नात शब्दांचा क्रम बदलतो, म्हणून हे काम चटकन दिसत नाही. त्यासाठी एक सोपा प्रयोग करू. प्रश्नाचे पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचे आणि प्रश्नातल्या शब्दाच्या जागी काय आले ते पाहायचे.

‘व्हॉट आर यू रीडिंग?’ उत्तर : ‘आय ॲम रीडिंग अ बुक.’ ‘व्हॉट’च्या जागी ‘बुक’ हे नाम आले. म्हणून येथे ‘व्हॉट’ सर्वनाम आहे. आता ‘व्हॉट बुक आर यू रीडिंग?’ उत्तर : ‘आय ॲम रीडिंग दिस बुक.’ ‘बुक’ तसेच राहिले. ‘व्हॉट’च्या जागी ‘दिस’ हे विशेषण आले. म्हणून येथे ‘व्हॉट’ही विशेषणच.

आता ‘लाइक’ची गंमत पाहा. ‘व्हॉट डझ शी लाइक?’ म्हणजे तिला काय आवडते? उत्तर : ‘शी लाइक्स टी.’ ‘लाइक’ला ‘स’ लागला, तेव्हा ते क्रियापद. पण ‘व्हॉट इज शी लाइक?’ यात क्रियापद आहे ‘इज’. ‘शी इज लाइक हर मदर’ म्हणजे ती आईसारखी आहे. आपल्या ‘सारखी’प्रमाणे येथे ‘लाइक’ शब्दयोगी अव्यय आहे. प्रश्नाचा अर्थ, ती कशी आहे? ‘ती मायाळू आहे’ हे उत्तर चालेल. ‘तिला चहा आवडतो’ हे चालणार नाही. जात चुकली की उत्तरही चुकते!

‘व्हॉट डू यू डू?’ यात ‘डू’ दोनदा का? दुसरा ‘डू’ काढून ‘ईट’ घाला : ‘व्हॉट डू यू ईट?’ वाक्य शाबूत राहिले. म्हणजे दुसरा ‘डू’ मुख्य क्रियापद आणि पहिला सहाय्यक. भूतकाळ केला की ‘व्हॉट डिड यू डू?’ असे होते. काळाचा भार पहिलाच उचलतो.

आता तुमची पाळी. ‘हाउ फास्ट इज द ट्रेन?’ आणि ‘हाउ फास्ट डझ द ट्रेन रन?’ यांतील ‘फास्ट’च्या जाती ओळखा. आधी उत्तराची वाक्ये लिहा. ‘फास्ट’ गाडीविषयी सांगतो की धावण्याविषयी, ते पाहा.

(उत्तर : पहिल्यात विशेषण, दुसऱ्यात क्रियाविशेषण.)