पाणी शोधायचंय? आधी दगड ओळखा

उपग्रहाला जमिनीखालचं पाणी दिसत नाही. पालकांना हे सुरुवातीलाच सांगतो, कारण ‘सॅटेलाइटवरून पाणी शोधा’ अशी एखाद्या अभ्यासक्रमाची जाहिरात वाचून पुष्कळ जण फी भरायला निघतात. उपग्रहाला दिसतात त्या पाण्याच्या खुणा. त्यांचा अर्थ लावायला खडक कळावा लागतो.

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा. वाळूत पाणी सगळीकडे मुरतं, तसं यात मुरत नाही. ते भेगांत, मुरमात, लाव्हाच्या दोन थरांमधल्या सांध्यात सापडतं. म्हणून बांधाच्या अलीकडच्या विहिरीला पाणी असतं आणि पलीकडची तीनशे फुटांची बोअर कोरडी जाते. अशा बोअरचं कर्ज फेडणाऱ्या घरातली मुलं हे शास्त्र शिकायला येतात, तेव्हा मला मनापासून आनंद होतो.

धुळे-नंदुरबारचा भाग घ्या. तिथे जमिनीखालचा तप्त शिलारस भेगांत शिरून गोठला आणि जमिनीत उभ्या भिंती तयार झाल्या. त्यांना डाइक म्हणतात. उपग्रहचित्रात त्या पट्टीने आखल्यासारख्या दिसतात, काही तर कित्येक किलोमीटर लांब. भिंत अखंड असेल, तर उताराने येणारं भूजल तिच्या वरच्या अंगाला अडतं. ती तडकलेली असेल, तर तीच पाण्याची वाट होते. यातलं काय खरं, हे मात्र तिथे जाऊन हातोडी चालवल्यावरच कळतं.

दुसरी खूण हिरवळीची. टवटवीत पानं अवरक्त किरणं जोरात परावर्तित करतात. चित्रात त्या किरणांना लाल रंग दिला, की मे महिन्याच्या करड्या रानात एखादी लाल पट्टी उठून दिसते. तिथे मुळांना ओल मिळते आहे. ती भूजलाची की शेजारच्या कालव्याची, हे पुन्हा पायी जाऊनच ठरवायचं. नाला एकाएकी काटकोनात वळला असेल, तर खाली भेग असू शकते. या खुणा नकाशावर एकमेकींशी ताडून जागा निवडायच्या, शेतात विद्युत रोधकतेची चाचणी घ्यायची आणि मगच बोअरची गाडी बोलवायची.

नुसत्या खुणांवर विसंबण्यातला धोका एका उदाहरणातून दिसतो. उत्तर केनियातल्या रखरखीत तुर्काना भागात २०१३ मध्ये उपग्रह व रडारच्या मदतीने लोटिकिपी इथे भूजलाचा प्रचंड साठा सापडल्याचं जाहीर झालं. जगभर बातम्या आल्या. पुढच्या चाचण्यांत लोटिकिपीचं पाणी पिता येणार नाही इतकं खारट निघालं. तहानलेल्या माणसांना आशा दाखवून असं होतं, तेव्हा फार वाईट वाटतं. या कामातली जबाबदारी केवढी आहे, ते मुलांना आधीच कळलेलं बरं.

आता शिक्षणाचं. बारावी विज्ञाननंतर भूशास्त्रात बी.एस्सी. करावं, मग भूशास्त्र किंवा जिओइन्फर्मेटिक्समध्ये एम.एस्सी. करावं. त्यासाठी आयआयटीत जायचं असेल, तर जॅम ही प्रवेश परीक्षा आहे. माझा आग्रह आधी भूशास्त्राचाच. नकाशांचं क्यूजीआयएससारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि काही महिन्यांत हाताला बसतं. खडक ओळखणारी नजर तयार व्हायला वर्षं लागतात. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था विनाशुल्क ऑनलाइन अभ्यासक्रमही चालवते. मोठी फी भरण्याआधी मुलाला तो करू द्या. गोडी आहे की नाही, ते घरबसल्या समजेल.

नोकरीची काळजी रास्त आहे. केंद्रीय भूजल मंडळातल्या शास्त्रज्ञपदांसाठी यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा असते. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, नागपूरला सुदूर संवेदनाचं राज्य केंद्र आहे. सरकारी जागा थोड्या असतात आणि सुरुवात बऱ्याचदा कंत्राटी प्रकल्पावर होते. पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्था आणि खासगी सल्लागार यांच्याकडेही काम मिळतं. ‘मुलगी उन्हातान्हात रानोमाळ फिरणार का?’ असं आई विचारते. हो, फिरावं लागतं. मुली फिरतात आणि उत्तम काम करतात.

या उन्हाळ्यात एक करून बघा. सेंटिनेल-२ या उपग्रहाची १० मीटर तपशिलाची चित्रं कुणालाही फुकट मिळतात. आपल्या गावाचं मे महिन्यातलं चित्र उतरवून घ्या. मग आजोबांना सोबत घेऊन शिवारात जा आणि उन्हाळ्यातही न आटणाऱ्या विहिरी कोणत्या, ते त्यांना विचारा. त्या विहिरींवर चित्रात एकेक ठिपका द्या. ते ठिपके एका रेषेत येतात का, ते पाहा.