पुड्याऐवजी पिशवीत घेवडा

कोरेगाव स्टँडवर साताऱ्याची गाडी लांबली की दीड-दोन वर्षांचं लेकरू किरकिरायला लागतं. मग बिस्किटाचा पुडा फुटतो, नाहीतर मसालेदार पुडी. लेकरू गप्प होतं. पण घरी गेल्यावर भाकरीला तोंड लावत नाही, आणि आई आमच्याकडे भुकेचं टॉनिक मागायला येते. एवढ्याशा पोटात मैदा, साखर आणि मीठ गेल्यावर जेवणाला जागा कुठली? त्याला टॉनिक नको, घरून नेलेला खाऊ हवा.

आपल्या तालुक्याच्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. प्रथिनं आणि लोह असलेलं हे कडधान्य आपण बाजारात धाडतो आणि लेकराला मात्र चहात बुडवलेलं बिस्कीट देतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. चहामुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही, आणि या वयात लोहाची गरज मोठी असते. घेवडा रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून द्या आणि बोटांनी सहज चिरडेल इतका शिजवा. कच्चट राहिला तर उलट्या-जुलाब होतात, म्हणून इथे घाई नको. कुस्करून, ज्वारीच्या पिठात मळून, लहान मऊ धपाटी तुपावर भाजा. सोबत संत्र्याच्या बिया काढलेल्या फोडी द्या. त्यातल्या ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं.

धपाटी दोन तासांत संपवा, कडक उन्हाळ्यात तासाभरात. प्रवास लांबचा असेल, पुसेगावच्या यात्रेला जायचं असेल, तर सातूचं कोरडं पीठ आणि केळं न्या. आयत्या वेळी केळं कुस्करून त्यात पीठ कालवलं की झालं. पाणी घरचंच न्या; बाटलीतली गोड सरबतं नकोत.

अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे पाच वर्षांपर्यंत देऊ नका. कूट चालेल. द्राक्षाचे उभे चार तुकडे करा, गाजर वाफवून द्या. चालत्या गाडीत, पळताना, रडताना घास भरवू नका.

तरीही घास अडकला आणि लेकरू जोरात खोकत असेल, तर खोकू द्या. आवाजच बंद झाला तर एकाने १०८ला फोन लावावा. दुसऱ्याने लेकराला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरकस थापा माराव्यात. वर्षावरच्या लेकराला त्यानेही मोकळं झालं नाही, तर मागून धरून बेंबीच्या वर, आत आणि वरच्या दिशेने पाच दाब द्यावेत, आणि हेच आलटून-पालटून करत राहावं. घशात दिसत नसलेला घास बोटाने चाचपडू नका, तो आणखी आत जातो.