बारा जानेवारी आणि तीन चंद्र

१२ जानेवारीला तुमच्या शाळेतील दिनविशेषाच्या फळ्यावर दोन नावे हमखास असतात. राजमाता जिजाऊ यांचा जन्म सिंदखेडराजा येथे १२ जानेवारी १५९८ रोजी झाला आणि स्वामी विवेकानंदांचा कलकत्त्यास १२ जानेवारी १८६३ रोजी. न्हावा शेव्याच्या आसपासच्या शाळांत आता तिसरी ओळही लिहिता येईल. शिवडीहून समुद्र ओलांडून न्हावा शेव्याकडे येणाऱ्या, सुमारे २१.८ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले. या लांबीपैकी सुमारे १६.५ किलोमीटर भाग पाण्यावर आहे.

तीन घटना आणि दिवस एकच! फळा लिहिणाऱ्या मुलाला यात काही वावगे दिसणार नाही. पण न्हाव्याच्या धक्क्यावर जाळी सुकवीत बसलेल्या एखाद्या जुन्या कोळीबाबांना विचारा. ते आधी विचारतील, “तिथी कोणती होती?” प्रश्न देवधर्माचा नव्हे, पाण्याचा आहे. होडी केव्हा काढायची हे तारखेवरून कळत नाही. ते चंद्रावरून कळते.

कोकणच्या किनाऱ्यावर यासाठी एक सोपा हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, की भरतीची अंदाजी वेळ मिळते. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा माथ्यावर येतो आणि भरतीही त्याच्याबरोबर तेवढीच मागे सरकते. पाऊणपटीचे इंगित एवढेच. आता आपले तीन दिवस या हिशेबात घालून पाहू.

जिजाऊंची जन्मतिथी पौष पौर्णिमा, शके १५१९ अशी सांगतात. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे भरती सव्वाअकराच्या सुमारास. विवेकानंद जन्मले त्या दिवशी पौष वद्य सप्तमी होती. सातची पाऊणपट सव्वापाच. सेतूच्या उद्घाटनाच्या दिवशी पौष शुद्ध प्रतिपदा, म्हणून भरती पाऊण वाजण्याच्या सुमारास. पाण्याची उंचीही तिन्ही दिवशी सारखी नव्हे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येते आणि समुद्राला उधाण येते. मुंबई बंदरात तेव्हा भरती-ओहोटीतील फरक सरासरी साडेतीन मीटरांहून अधिक असतो. अष्टमीच्या आगेमागे दोन्ही ओढी एकमेकींशी काटकोनात असतात. तेव्हाच्या भरतीला भांगाची भरती म्हणतात आणि तो फरक जेमतेम दीड मीटरावर येतो. तेव्हा कोळीबाबांच्या लेखी हे तीन दिवस एक नव्हेतच: एक पूर्ण चंद्राचा, एक अर्ध्या चंद्राचा आणि एक जवळजवळ चंद्र नसलेला.

तुम्ही म्हणाल, चंद्राचे राहू द्या. तारीख सूर्यावर चालते. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तिन्ही वेळा कक्षेत एकाच जागी असेल, तर तो दिवस एकच मानायला काय हरकत? बरोबर आहे. पण खरोखरच ती एका जागी होती काय? याची साक्ष देणारा साक्षीदार चंद्रच आहे. वही-पेन्सिल घ्या.

आजच्या कॅलेंडरच्या नियमाने १२ जानेवारी १५९८ पासून १२ जानेवारी २०२४ पर्यंत ४२६ वर्षे होतात. ४२६ × ३६५ = १,५५,४९०. त्यात लीप वर्षांचे १०३ दिवस मिळवा (१७००, १८०० व १९०० ही लीप वर्षे नव्हती, हे विसरू नका). बेरीज १,५५,५९३ दिवस. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३०५९ दिवस लागतात. भागाकार केलात, तर ५,२६८ चांद्रमास पूर्ण होऊन सुमारे २६ दिवस उरतात. १२ जानेवारी २०२४ रोजी चंद्र एका दिवसाचा होता, कारण अमावास्या आदल्या दिवशी झाली होती. एकातून २६ वजा केले, तर उणे २५. त्यात एक चांद्रमास, म्हणजे साडेएकोणतीस मिळवा. उत्तर येते साडेचार. म्हणजे तिथी शुद्ध चतुर्थी-पंचमीच्या सुमारास!

पौर्णिमा कुठे गेली? चंद्राची गती नेहमी सारखी नसते, म्हणून अशा सरासरीच्या हिशेबात अर्ध्या-पाऊण दिवसाची चूक होते. दहा दिवसांची होत नाही.

पण हे दहा दिवस ओळखीचे आहेत. जूलियस सीझरच्या कॅलेंडरात वर्ष सव्वातीनशे पासष्ट दिवसांचे नव्हे, ३६५ पूर्णांक एक चतुर्थांश दिवसांचे धरले होते. खरे सौरवर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान आहे. अकरा मिनिटे म्हणजे काय मोठेसे? पण साठत साठत सोळाव्या शतकापर्यंत ती दहा दिवसांची झाली. पोप तेरावा ग्रेगरी याने १५८२ साली ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आणून ती चूक काढली. पोर्तुगालने हे नवे कॅलेंडर लगेच स्वीकारले. इंग्लंड मात्र १७५२ पर्यंत जुन्यालाच चिकटून राहिले. शिवकालातील तारखा आपले इतिहासकार बहुधा या जुन्या, जूलियन पद्धतीने देतात. जिजाऊंची १२ जानेवारी त्यातलीच. आजच्या कॅलेंडरात तो दिवस २२ जानेवारी येतो. साडेचारात दहा मिळवा: साडेचौदा. पौर्णिमा सापडली!

याची गंमत न्हावा शेव्याच्या समोरच्या बंदरात प्रत्यक्ष घडत होती. मुंबई १६६५ साली इंग्रजांच्या ताब्यात गेली, पण उरणकडील करंजे अठराव्या शतकात मराठ्यांनी घेईपर्यंत पोर्तुगीजांकडे होते. एकाच भरतीवर डोलणाऱ्या दोन गलबतांपैकी एकावरचा इंग्रज रोजनिशीत १२ तारीख लिहीत असेल, तर दुसऱ्यावरचा पोर्तुगीज २२. (१७०० नंतर हे अंतर अकरा दिवसांचे झाले. का, ते वरच्या कंसात शोधा.) आणि काठावरचा कोळी दोघांकडेही न पाहता पौर्णिमा म्हणून होडी सज्ज करीत असेल.

विवेकानंदांच्या तारखेला ही अडचण नाही. १८६३ साली आपल्याकडील इंग्रजी कारभारात नवेच कॅलेंडर होते. पण तेथेही एक मौज आहे. त्यांचा जन्म मकरसंक्रांतीच्या दिवशी झाला. आपण तर तिळगूळ १४ किंवा १५ जानेवारीला वाटतो! आपली संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतात आणि कॅलेंडर ऋतूंच्या. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश डुलत असल्यामुळे या दोन वर्षांत थोडा फरक राहतो आणि संक्रांत सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते.

म्हणून जयंत्यांच्या तारखा बदला, असे मी म्हणणार नाही. माणसे आपली आठवण कोणत्या खुंटीला टांगतात, हा त्यांचा प्रश्न. न्हावा शेव्याच्या मुलखातच पाहा. जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी दास्तान फाटा आणि नवघर येथे गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. जो आगरी-कोळी समाज मासेमारीसाठी तिथी पाहतो, तोच या हुतात्म्यांना तारखेने अभिवादन करतो.

आता एक उदाहरण तुम्ही सोडवा. शिवराज्याभिषेकाची तारीख ६ जून १६७४ आणि तिथी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. ६ जून २०२४ रोजी अमावास्या होती. आजच्या नियमाने या दोन तारखांमध्ये १,२७,८३५ दिवस येतात. ६ जून ही तारीख जुन्या कॅलेंडरातली की नव्या, ते चंद्राला विचारून ठरवा. आणि त्या दिवशी न्हाव्याच्या खाडीत भरती किती वाजता आली असेल, तेही काढा.