पिकअपचा टायमिंग पट्टा



खडकीच्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची (स्थापना १९४६) इंजिने आपल्या विहिरींवर वर्षानुवर्षे चालली. त्यांत क्रँक आणि कॅमची सांगड लोखंडी दातेरी चाकांची. तेल बदलत राहिले की झाले. बेणे-खते वाहणाऱ्या जुन्या पिकअपचेही तसेच असेल, ही समजूत आम्हाला गटांत फिरताना ऐकू येते. ती घातक आहे. कित्येक पिकअपमध्ये ही सांगड रबरी दातेरी पट्ट्यावर असते. पट्टा तुटला की कॅम थांबतो, पिस्टन मात्र वर येतोच आणि उघड्या वॉल्ववर आदळतो. मग हेड उतरवा, अन् गाडी ऐन तोडणीत गॅरेजात!

गाडी उभी असली तरी रबर म्हातारे होतेच. गाडीच्या पुस्तकातले किलोमीटर किंवा वर्षे, जे आधी भरेल ते धरा. जुनी गाडी घेतली आणि मागचा हिशेब नाही, तर पट्टा बदलूनच टाका, टेन्शनरसकट. तेलगळती आधी थांबवा.

खुणा जुळवून पट्टा चढवला की मिस्त्रीला लगेच स्टार्टर मारू देऊ नका. पान्याने क्रँक चालत्या दिशेने पूर्ण दोन फेरे फिरवायला लावा. तेवढ्यात कॅमचा एक होतो. खुणा परत जुळल्या पाहिजेत. मध्येच अडले तर जोर न लावता पट्टा उतरवून पुन्हा बसवावा.