दगड चढणारी पहिली मोटार

‘रॉक क्रॉलर’ हे नाव आपल्यापैकी पुष्कळांच्या कानांवर आले नसेल. रिमोटवर चालणारी ही एक छोटी मोटार असते. पण तिचे काम पळणे नव्हे, दगडधोंड्यांवरून सावकाश चढणे हे होय. शर्यतीच्या गाडीत जे गुण मानले जातात त्यांतले निम्मे हिच्या बाबतीत अवगुण ठरतात. नवखा माणूस नेमका इथेच फसतो, कारण दुकानात गेल्यावर त्याचा पहिला प्रश्न असतो, “ही किती जोरात पळते?”

हा विषय वार्षिकांकासाठी सुचवला तेव्हा “यात कला शाखेचे काय?” असे मला विचारण्यात आले. भूगोलाच्या विद्यार्थ्याने दगडांविषयी लिहू नये तर कोणी लिहावे, एवढेच उत्तर मला सुचले. खरे कारण निराळे आहे. वसतिगृहात आम्ही तिघांनी वर्षभर शिकवण्यांच्या पैशांतून दरमहा थोडी रक्कम बाजूला टाकली. असली रक्कम एकदाच उभी राहते. भलतीच वस्तू घरात आली तर दुसरी आणण्याची सोय नाही. म्हणून खरेदीपूर्वी तीन महिने आम्ही मिळेल ते वाचले, दुकाने हिंडलो, दोघा जाणत्यांच्या गाड्या चालवून पाहिल्या. त्या अभ्यासातून जे हाती लागले ते इथे मांडतो.

पहिला भेद खेळणे आणि छंदाची गाडी यांतला. दोन्हींच्या खोक्यावर ‘रॉक क्रॉलर’ असेच छापलेले असते, दोन्हींची चाके जाडजूड दिसतात. पण खेळण्याचे सुकाणू बहुधा सारे किंवा काहीच नाही अशा पद्धतीचे असते. डावीकडे म्हटले की चाके पूर्ण डावीकडे. छंदाच्या गाडीत रिमोटचे चाक जेवढे फिरवावे तेवढीच गाडीची चाके वळतात, आणि बोट जेवढे दाबावे तेवढाच वेग मिळतो. दगडाच्या कडेवर अर्धा इंच इकडेतिकडे करायचे असते तेव्हा याशिवाय चालत नाही.

दुसरी कसोटी याहून महत्त्वाची वाटते. दुकानदाराला विचारावे, “आतले दातेरी चाक तुटले तर सुटे मिळेल का?” माझ्या मावसभावाला वाढदिवसाला अशी एक गाडी मिळाली होती. तिसऱ्या आठवड्यात आतल्या प्लॅस्टिकच्या चक्राचे दोन दाते उडाले. मोटर शाबूत, बॅटरी शाबूत, रिमोट शाबूत. पण ते एक चक्र जगात कुठे विकत मिळत नव्हते. सबंध गाडी माळ्यावर गेली. तिची किंमत कमी होती खरी, पण तीन आठवड्यांच्या हिशेबाने पाहिले तर ती फार महाग पडली. छंदाची गाडी स्क्रू काढून पूर्ण उघडता येते व तिचा जवळजवळ प्रत्येक भाग सुटा मिळतो. ती मोडणार हे गृहीत धरूनच बनवलेली असते.

आता संथपणाचे गणित. समजा, मोटर मिनिटाला १२,००० फेरे घेते. दातेरी चाकांच्या मालिकेतून हा वेग ४० पटींनी उतरवला, तर चाक मिनिटाला ३०० फेरे घेईल. चाकाचा व्यास ११ सेंटिमीटर धरला तर परीघ साधारण साडेचौतीस सेंटिमीटर, म्हणजे गाडीचा वेग ताशी सहा किलोमीटरच्या आसपास. झपझप चालणाऱ्या माणसाइतका! पण वेग जेवढ्या पटीने उतरतो तेवढ्याच पटीने, घर्षणात जाणारा भाग वजा करून, फिरवण्याचा जोर वाढतो. आमच्यापैकी एकाला हे पटायला आठवडा लागला. “अरे, एवढे पैसे देऊन मुंगीच्या चालीने जायचे?” असे तो म्हणे. ओल्या मुरुमाच्या चढावर शर्यतीची गाडी जागच्या जागी चाके फिरवत बसते व शेजारून क्रॉलर निघून जाते, हे पाहिल्यावर तो गप्प झाला.

जोर असून भागत नाही, तो जमिनीला पोचला पाहिजे. नेहमीच्या मोटारीत डिफरन्शियल असते, त्यामुळे वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त फिरू शकते. पण साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. एक चाक हवेत लोंबकळू लागले की त्याला फिरायला जवळपास काहीच जोर लागत नाही, आणि मग जमिनीवरच्या चाकालाही तितकाच नगण्य जोर मिळतो. खडकावर एखादे चाक अधांतरी असणे हे तर रोजचेच. म्हणून क्रॉलरमध्ये डिफरन्शियल बंद केलेले असते. दोन्ही चाके एकाच दांड्याला बांधल्यासारखी फिरतात. याची किंमत म्हणजे गाडीला वळायला जागा जास्त लागते. ती आनंदाने द्यावी.

आस मात्र अखंड हवा, पुढचाही आणि मागचाही. जुन्या विलिज जीपची रचना अशीच होती, आणि १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून महिंद्रने ती आपल्याकडे जुळवायला घेतली, तेव्हा आपल्या गावच्या मेकॅनिकला ही काही परकी गोष्ट नव्हे. अखंड आसाचे एक टोक दगडावर चढले की दुसरे टोक आपोआप खाली दाबले जाते व तिथले चाक जमीन सोडत नाही.

तोल हा पुढचा मुद्दा. इथे दहावीनंतर सोडलेली त्रिकोणमिती परत आठवावी लागते. दोन चाकांमधले अंतर २० सेंटिमीटर आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ८ सेंटिमीटर असेल, तर साधारण ५१ अंशांच्या आडव्या उतारावर ती कलंडेल. टपावर शोभेचे सामान, डबे, दोर लादून गुरुत्वमध्य १० सेंटिमीटरवर नेला की ४५ अंशांतच मामला आटोपतो. चित्रांत टपावर कॅरियर लावलेल्या गाड्या फार देखण्या दिसतात. नवख्याने त्या चित्रांतच पाहाव्यात. वजन वाढवायचेच तर ते पुढच्या चाकांत, पितळेच्या कड्यांच्या रूपाने, खाली घालावे. चढावर भार मागे सरकतो, त्याला ते आवर घालते.

खरा पेच आकाराचा. या गाड्या खऱ्या वाहनाच्या १/१०, १/१८, १/२४ अशा प्रमाणांत मिळतात. आमची पहिली ओढ अर्थातच मोठीकडे होती. पण जरा हिशेब करून पाहा. दहा सेंटिमीटरचा धोंडा १/१० गाडीला एक मीटर उंचीचा, तर १/२४ गाडीला जवळजवळ अडीच मीटरचा भासतो. म्हणजे लहान गाडीला ग्रंथालयामागचा दगडांचा ढीग हाच सह्याद्री! पावसाळ्यात खोलीतली पुस्तके रचूनही तिला घाट करून देता येतो. उलट मोकळ्या रानात तीच गाडी हताश होते, कारण चार बोटे गवत हे तिला अरण्य असते.

दगडाची जातही पाहावी. देशावरचा कोरडा, खरबरीत बेसॉल्ट मऊ रबराला उत्तम पकड देतो. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरले की कोणाचेच काही चालत नाही. कोकणातल्या जांभ्याला खाचखळगे पुष्कळ, त्यांत लहान चाक रुतून बसते. तेव्हा गच्ची, खोली, अंगण एवढेच विश्व असेल तर १/२४ पुरे. डोंगरावर मित्रांबरोबर चालत न्यायची असेल तर १/१०.

आता नावे. अॅक्शियल कंपनीची १/२४ प्रमाणातली ‘एससीएक्स २४’ आणि ट्रॅक्सास कंपनीची २०२२ मध्ये आलेली १/१८ प्रमाणातली ‘टीआरएक्स-४एम’ या दोन्ही नवख्याला मानवणाऱ्या आहेत. तयार मिळतात, सोबत बॅटरी व चार्जर असतो, आणि त्यांचे सुटे भाग इतर अनेक उत्पादकही बनवतात. ट्रॅक्सासचीच २०१७ मधली मोठी ‘टीआरएक्स-४’ हे अधिक गंभीर प्रकरण आहे. तिच्यात दोन वेगांचा गिअर आहे, रिमोटवरून डिफरन्शियल बंद-चालू करता येते, आणि आसाच्या टोकांशी जादा दातेरी चाके घालून आस चाकाच्या मध्याहून वर उचललेला आहे. मर्सिडीजच्या युनिमॉग ट्रकची युक्तीच ती. मात्र तिच्याबरोबर बॅटरी व चार्जर येत नाहीत. खोक्यावरची किंमत म्हणजे एकूण खर्च नव्हे, हे तिघांच्या वर्गणीतून खरेदी करणाऱ्यांनी आधी लिहून ठेवावे.

बॅटरीविषयी थोडे खडसावून लिहिणे भाग आहे, कारण वसतिगृहात आपण गादीवर काहीही चार्ज करत ठेवतो. या गाड्यांत बहुधा लिथियम-पॉलिमर बॅटरी असते. तिचा प्रत्येक घट पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा असतो आणि ३ व्होल्टच्या खाली गेला की कायमचा बिघडतो. ३५० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी ०.३५ अँपिअरने, १५०० ची दीड अँपिअरने भरावी. फरशीवर ठेवून, आणि आपण जागे व खोलीत असताना. फुगलेली बॅटरी पुन्हा लावू नये. परीक्षेच्या दिवसांत गाडी पडून राहणार असेल तर घट ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावेत, पूर्ण भरलेले नकोत. परदेशातून कोणी नातेवाईक आणणार असतील तर सुट्या बॅटऱ्या विमानात हाती सामानातच न्याव्या लागतात, हे त्यांना आधी कळवावे.

घेण्यापूर्वी दुकानातच एक परीक्षा करावी. गाडी उतारावर चढवून बोट सोडावे. चांगली क्रॉलर जागच्या जागी थांबते, जणू कोणी ब्रेक धरला आहे. घरंगळत मागे आली तर ती सोय तिच्यात आहे का व चालू करता येते का, हे विचारावे. मग एक चाक हातात धरून पाहावे, सुकाणूची मोटर क्षीण असेल तर दगडात अडकलेले चाक वळवताना ती कुंथते.

आम्ही तिघांनी शेवटी १/१८ ठरवली. मागच्या टेकडीवर मुरूम आणि मुठीएवढे दगड आहेत, १/२४ तिथे अडखळली असती. १/१० घेतली असती तर चार्जरसाठी पुढच्या सत्राची वाट पाहावी लागली असती. उरलेल्या पैशांत एक जादा बॅटरी, बारीक अॅलन-कीचा संच आणि दातेरी चाकांची एक सुटी जोडी बसली. पितळी कड्यांचा ठराव दोन विरुद्ध एक मतांनी दिवाळीपर्यंत पुढे ढकलला आहे.