हा लाँगच्या बेटांत एक रात्र

व्हिएतनाम देशाच्या ईशान्य कोपऱ्यात, हानोई या राजधानीपासून सुमारे दीडशे किलोमीटरांवर, हा लाँग नावाचा विस्तीर्ण उपसागर आहे. त्यात लहानमोठी मिळून जवळजवळ दोन हजार बेटे विखुरलेली आहेत. बेट म्हटले की वाळूचा किनारा आणि डोलणारी माडांची रांग डोळ्यांपुढे येते. येथे मात्र तसे काही फारसे आढळत नाही. पाण्यातून एकदम सरळ उभे राहिलेले राखाडी खडकाचे सुळके आणि त्यांच्या भेगाभेगांतून उगवलेली हिरवी झुडपे, असे या बेटांचे रूप आहे. काही बेटे डोंगराएवढी आहेत, तर काही इतकी लहान की त्यांवर चार माणसांनाही नीट उभे राहता येणार नाही.

‘हा लाँग’ म्हणजे खाली उतरणारा ड्रॅगन. ड्रॅगन हा तिकडच्या लोकांचा पूज्य प्राणी. तो पाऊस पाडतो व देशाचे रक्षण करतो, अशी त्यांची समजूत आहे. फार पूर्वी शत्रूची गलबते या किनाऱ्यावर चालून आली, तेव्हा स्वर्गाच्या राजाने एक ड्रॅगन माता व तिची पिले मदतीला धाडली. त्यांनी तोंडातून रत्नांचा वर्षाव केला, त्या रत्नांची पाण्यात बेटे झाली आणि शत्रूची गलबते त्यांवर आदळून फुटली, अशी कथा तेथे सांगतात. कथा ती कथाच. पण एक गोष्ट तिने अचूक हेरली आहे. या पाण्यात परक्या गलबताने सावध असावे, हे खरेच. ते कसे, हे पुढे येईल.

हा लाँग पाहण्याची उत्तम रीत म्हणजे नौकेवर एक रात्र काढणे. प्रवासी नौका दुपारच्या सुमारास तुआन चाउ बेटाच्या धक्क्यावरून सुटतात व दुसऱ्या दिवशी दुपारपूर्वी परततात. नौका दोन-तीन मजली असते. खाली निजण्याच्या खोल्या, मध्ये जेवणाचे दालन आणि वर मोकळी गच्ची. जुन्या काळी या पाण्यात मच्छीमारांच्या व व्यापाऱ्यांच्या लाकडी नौका फिरत. त्यांची शिडे बांबूच्या आडव्या पट्ट्यांनी ताणलेली, एका कंदाच्या रसात रंगवून तांबूस केलेली असत. त्या रसाने कापड लवकर कुजत नसे. आजही काही नौकांवर तशी शिडे उभारतात. पण ती शोभेसाठी. नौका चालते ती पोटातल्या यंत्रावर. शिवाय 2012 सालापासून तेथील अधिकाऱ्यांनी प्रवासी नौकांना पांढरा रंग देण्याचा नियम केला, त्यामुळे जुन्या लाकडाचा तपकिरी रंगही लोपला. ज्यांनी जुन्या नौका पाहिल्या आहेत त्यांना याचे वाईट वाटल्यास नवल नाही.

धक्का मागे पडतो आणि नौका बेटांच्या गर्दीत शिरते. पुढे वाट आहे की नाही, असा संशय यावा, इतक्यात दोन कडे बाजूला सरकल्यासारखे होतात आणि नवा जलमार्ग दिसू लागतो. एके ठिकाणी दोन खडक झुंजणाऱ्या कोंबड्यांसारखे एकमेकांसमोर उभे आहेत. जवळच धूपदाणीच्या आकाराचा एक खडक आहे. व्हिएतनामच्या दोन लाख डाँगच्या नोटेवर त्याचे चित्र छापलेले आहे.

हे सारे खडक चुनखडकाचे आहेत. सह्याद्रीचा काळा पाषाण तप्त लाव्हारसापासून झाला. हा लाँगच्या खडकाची कुळकथा निराळी आहे. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी येथे उथळ, उबदार समुद्र होता. त्यातील असंख्य जीवांचे शंख-शिंपले व सांगाडे तळाशी साचत गेले. त्यांचे थर हजार मीटरांहूनही जाड झाले, दडपले गेले, दगड बनले आणि पुढे भूमीच्या हालचालींनी वर उचलले गेले. मग पावसाने आपले काम सुरू केले. पावसाचे पाणी हवेतून व मातीतून येताना कार्बन डायऑक्साइड वायू शोषून घेते. सोडावॉटरच्या बाटलीत असतो तोच हा वायू. त्यामुळे पाणी किंचित आम्ल होते आणि असे पाणी चुनखडकाला अगदी हळूहळू विरघळवते. भेगा रुंदावतात, दऱ्या खोल होतात आणि शेवटी सुळके तेवढे उभे राहतात.

परंतु हे सुळके घडले ते कोरड्या जमिनीवर. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, पृथ्वीवरचे पुष्कळसे पाणी बर्फाच्या रूपाने गोठून राहिले होते आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरांच्या आसपास खाली होती. त्या वेळी हा लाँग हा उपसागर नव्हताच. ती डोंगराळ भूमी होती आणि माणसे तेथे पायी हिंडत. येथील गुहांत त्या माणसांची ओबडधोबड दगडी हत्यारे सापडली आहेत. त्यांनी खाऊन टाकलेल्या गोगलगाईंचे व शिंपल्यांचे अवशेषही सापडले. आणि आश्चर्य असे की, ते जीव समुद्रातले नसून डोंगरावरचे व गोड्या पाण्याचे होते! आज ज्या गुहेच्या पायथ्याशी खारे पाणी खळखळते, तिच्या दाराशी एके काळी झरा वाहत असला पाहिजे. पुढे बर्फ वितळला, समुद्र चढत आला, दऱ्या बुडाल्या आणि डोंगरांची बेटे झाली. प्रवाशांची नौका चालते ती बुडालेल्या दऱ्यांवरून.

बो होन बेटावर सुंग सोत नावाची प्रचंड गुहा आहे. या नावाचा अर्थ ‘आश्चर्य’ असाच आहे. पायऱ्या चढून आत गेले की प्रथम एक मध्यम आकाराचे दालन लागते आणि मग अरुंद वाटेने त्याहून कितीतरी मोठे दालन उघडते. छतातून चुन्याचे खांब खाली लोंबतात, त्यांच्याखाली जमिनीतून दुसरे वर येतात. छतातून झिरपणाऱ्या थेंबातला वायू गुहेच्या हवेत उडून गेला की त्याने आणलेला चुना तेथेच मागे राहतो. थेंबामागून थेंब असा हजारो वर्षे पडत राहतो, तेव्हा असा एक खांब तयार होतो. अलीकडे गुहेत रंगीबेरंगी दिवे लावले आहेत. ते नसते तर या खांबांचा स्वतःचा मंद पिवळसर रंग अधिक खुलला असता.

जवळच ती तोप नावाचे बेट आहे. नाव व्हिएतनामी वाटते, पण ते आहे एका रशियन अंतराळवीराचे. गेरमान तितोव्ह यांनी 1961 सालच्या ऑगस्टमध्ये पंचवीस तासांत पृथ्वीभोवती सतरा प्रदक्षिणा घातल्या. अंतराळात झोप घेणारे ते पहिले मानव. 1962 साली ते राष्ट्राध्यक्ष हो ची मिन्ह यांच्यासह येथे आले होते आणि त्या भेटीची आठवण म्हणून बेटाला त्यांचे नाव देण्यात आले. चारशेहून अधिक पायऱ्या चढून गेले की माथ्यावरून सारा उपसागर दिसतो. एकामागे एक बेटांच्या रांगा, प्रत्येक रांग आधीच्या रांगेहून फिकी, आणि शेवटची रांग आकाशात मिसळून गेलेली.

सूर्यास्ताच्या सुमारास नौका ठरवून दिलेल्या जागी नांगर टाकते. रात्री या बेटांतून प्रवास करण्याची प्रवासी नौकांना मुभा नाही. दिवे पाण्यात थरथरू लागतात. खलाशी नौकेच्या कडेला एक प्रखर दिवा सोडतात. त्या उजेडाला भुलून माकुळ नावाचे दहा भुजांचे जलचर वर येतात आणि हौशी प्रवासी गळ टाकून बसतात. बहुधा हाती काही लागत नाही.

याच वेळी समोरच्या कड्याकडे लक्ष द्यावे. पाण्यालगत खडकाला एक खोल आडवी खोबण पडलेली दिसते; ओहोटी असेल तर तिच्याखाली चिकटलेल्या कालवांची पांढरी पट्टीही उघडी पडलेली असते. लाटा, खारे पाणी आणि खडक पोखरणारे जीव यांनी ही खोबण कोरली आहे. लहान बेटांची तर त्यामुळे मानच बारीक झाली आहे. ती अळंब्यांसारखी दिसतात. कोकणच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते, हे तेथील प्रत्येक मूल जाणते. हा लाँगमध्ये मात्र भरती दिवसातून एकदाच येते. संध्याकाळी ओहोटी असली, तर पाणी रात्रभर चढत राहते आणि पहाटे भरती पूर्ण होते. मोठ्या भरतीच्या दिवशी पाणी तीन-चार मीटर चढते. निजलेल्या प्रवाशांना कळतही नाही की ते बिछान्यासकट दोन पुरुष उंचावर जाऊन पोहोचले आहेत. महिन्यातून दोनदा, चंद्र विषुववृत्ताच्या माथ्यावर येतो त्या सुमारास, हेच पाणी जवळजवळ हलेनासे होते.

या विलक्षण भरतीची वार्ता तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी युरोपात पोहोचली. फ्रान्सिस डेव्हनपोर्ट या इंग्रज दर्यावर्द्याने टाँकिनच्या किनाऱ्यावर केलेली निरीक्षणे 1684 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केली. ज्यांच्या नावाने धूमकेतू ओळखला जातो, त्या एडमंड हॅले यांनी त्यांवर विचार केला. पुढे 1687 साली आयझॅक न्यूटन यांनी आपल्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात तिचे कारण सांगण्याचा यत्न केला. भरतीची एक लाट चीनच्या समुद्राकडून व दुसरी हिंदी महासागराकडून येते, दोहींच्या वेळांत सहा तासांचे अंतर पडते, आणि त्या एकमेकींना खोडतात, असे त्यांचे म्हणणे. आजचे शास्त्रज्ञ आखाताच्या आकाराकडे बोट दाखवतात. झोपाळ्याला जसा त्याच्या लांबीप्रमाणे एक ठराविक झोका असतो, तसा टाँकिनच्या आखातातील पाण्यालाही आहे. आणि तो दिवसातून एकदा येणाऱ्या लाटेशी जुळतो, दोनदा येणाऱ्या लाटेशी जुळत नाही.

न्यूटनच्याही फार आधी हे पाणी ज्याने पुरते ओळखले होते, तो होता त्रान हुंग दाओ हा सेनापती. 1288 साली मंगोल सम्राटाचे आरमार व्हिएतनामवर चालून आले होते. हा लाँगच्या पश्चिमेला समुद्राला मिळणाऱ्या बाख डांग नदीच्या मुखाशी सेनापतीने पात्रात लाकडी मेखा रोवून ठेवल्या. भरतीच्या पाण्यात मेखा बुडून गेल्या. त्याच्या हलक्या होड्या शत्रूपुढे पळण्याचे सोंग करीत निघाल्या आणि शत्रूची जड गलबते पाठलाग करीत आत शिरली. मग ओहोटी लागली. पाणी भराभर उतरले, गलबते मेखांवर अडकली आणि आरमाराचा नाश झाला. दिवसातून एकच भरती. ती ओसरल्यावर सुटकेची दुसरी संधी लवकर येणार नव्हती. हा डाव त्याने नव्याने रचला असे नव्हे. याच नदीत न्गो क्वेन याने 938 साली तो खेळला होता. त्रान हुंग दाओच्या मेखा हा लाँगमधील दाउ गो गुहेत साठवल्या होत्या, असे लोक मानतात आणि त्यावरूनच त्या गुहेला ‘लाकडी मेखांची गुहा’ म्हणतात.

सकाळी प्रवासी बांबूच्या विणलेल्या लहान होड्यांत बसून लुओन गुहेकडे जातात. ही गुहा म्हणजे कड्याच्या पोटातला बोगदा आहे. भरतीला त्याचे छत डोक्याशी येते, ओहोटीला ते उंच जाते. पलीकडे चहूकडून कड्यांनी वेढलेले शांत तळे लागते. तेथे वल्ह्याचा आवाजही मोठा वाटतो.

वल्हवणाऱ्या पुष्कळदा स्त्रिया असतात, आणि त्यांपैकी अनेकींचा जन्म पाण्यावर झालेला असतो. कुआ वानसारख्या वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या माणसे तराफ्यांवरील घरांत राहत. मासे धरीत, पाळीत व विकीत. घर भरतीबरोबर चढे आणि ओहोटीबरोबर उतरे. शाळाही तरंगती असे. 2014 साली सरकारने तीनशेहून अधिक कुटुंबांना किनाऱ्यावर नवी घरे देऊन तेथे हलवले. वादळात तराफ्यांना आसरा नव्हता, मुलांचे शिक्षण अर्धवट राही आणि पाणीही घाण होत होते. ही कारणे खोटी नव्हती. परंतु ज्या हातांना जाळे तेवढे ठाऊक, त्यांना गावातल्या गल्लीत काय काम मिळणार? म्हणून कित्येक जण दिवसा पुन्हा याच पाण्यावर येतात. मुले मात्र किनाऱ्यावरच्या शाळेत वाढत आहेत. त्यांना लिहिणे-वाचणे आईबापांपेक्षा चांगले येते; पण केवळ कड्यावरची ओल पाहून पाणी चढते आहे की उतरते आहे हे सांगणे त्यांच्यापैकी किती जणांना जमेल, हा प्रश्नच आहे.

वादळाची भीती आजही टळलेली नाही. 2024 सालच्या सप्टेंबरात यागी नावाच्या तुफानाने येथील अनेक नौका बुडवल्या. 2025 च्या जुलैत तर भरदिवसा अचानक उठलेल्या वाऱ्याने एक प्रवासी नौका उलटली आणि तीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. वादळाचा इशारा मिळताच बंदराचे अधिकारी नौका सोडणे बंद करतात. अशा वेळी प्रवासी हिरमुसतात, कोणी हुज्जतही घालतात. खलाशी मात्र निमूटपणे दोर आवळू लागतात.

दहाच्या सुमारास नांगर वर येतो. युनेस्कोने 1994 साली या उपसागराला जागतिक वारसा ठरवले, 2000 साली त्याच्या खडकांच्या इतिहासासाठी पुन्हा मान दिला आणि 2023 साली शेजारचा कात बा द्वीपसमूह त्यात जोडला. वर्षाकाठी लाखो लोक येथे येतात. परतीच्या वाटेवर समोरून येणाऱ्या नौकांची रांग लागते. बांबूची होडी परत नेणारी नावाडीण तिच्या लाटा चुकवीत कड्याच्या कडेने जाते. कालची कालवांची पांढरी पट्टी आता पाण्याखाली गेलेली असते. वर उरलेली ओली रेघ हातभर रुंद झालेली असते. नावाडीण तिच्याकडे एक नजर टाकते आणि होडी बांधताना दोर थोडा सैल सोडते.