परसातील लिंबोणीची पाने पिवळी का पडतात?

घराच्या परसात कागदी लिंबाचे एखादे झाड असले म्हणजे त्या घरास लिंबू सहसा विकत आणावे लागत नाही. अशा लिंबोणीची पाने पिवळी पडू लागली की घरातील मंडळी साहजिकच काळजीत पडतात. एकजण पाणी कमी पडले असे म्हणतो, दुसरा खत सुचवितो, तिसरा दुकानातून एखादे औषध घेऊन येतो. आळ्यात आणखी पाणी ओतले जाते, मूठभर युरिया टाकला जातो, फवारणीही होते. आणि इतके सारे करूनही झाड खंगत जाते. पुष्कळदा असे झाड मूळ दोषाने मेलेले नसून उपचाराने मेलेले असते.

पानांचा पिवळेपणा हा स्वतंत्र रोग नव्हे. ते एक लक्षण आहे. माणसास ताप अनेक कारणांनी येतो, तसेच पानही अनेक कारणांनी पिवळे पडते, आणि प्रत्येक कारणाचा उपाय निराळा असतो. सुदैवाने हे कारण पुष्कळ अंशी पानावरच लिहिलेले असते. ते वाचण्यासाठी पुढील चार गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

१. प्रथम मुळांकडे पाहावे

परसातील लिंबोणी बहुधा न्हाणीच्या वा मोरीच्या पाण्यावर वाढलेली असते. हे पाणी बारमाही एकाच जागी मुरत राहिले म्हणजे जमिनीतील हवा नाहीशी होते व मुळे कुजू लागतात. कुजलेली मुळे अन्न व पाणी शोषू शकत नाहीत. त्यामुळे ओल्या जमिनीत उभे असलेले झाडही तहानलेल्या झाडाप्रमाणे मलूल दिसते, आणि माणूस त्यास आणखी पाणी घालतो.

याकरिता आळ्याच्या कडेस खुरप्याने वीतभर खोल माती उकरून पाहावी. मातीस कुबट वास येत असेल, बारीक मुळे तपकिरी पडून त्यांची साल बोटाने ओढताच निघून येत असेल, तर खताचा विचारही करू नये. सांडपाणी चर काढून दूर न्यावे आणि खोडाशी साचलेली माती काढून टाकावी. खोडाभोवती थोडी उंच माती ठेवून तिच्या बाहेर पाण्याचे आळे करावे, म्हणजे पाणी खोडास लागणार नाही. साबणाच्या पाण्यातील क्षारही जमीन बिघडवितात, म्हणून असे पाणी झाडास न देणेच हिताचे.

बुंध्यावर डिंकासारखा स्राव दिसल्यास तो डिंक्या रोग समजावा. रोगट साल धारदार चाकूने खरवडून काढून जाळावी व त्या जागी बोर्डो मलम लावावे. १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम कळीचा चुना एक लिटर पाण्यात कालविला म्हणजे हे मलम तयार होते.

२. पिवळी पाने जुनी की नवी?

निदानातील हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होय. काही अन्नद्रव्ये झाड जुन्या पानांतून काढून नव्या पालवीस देऊ शकते. अशा द्रव्याची उणीव पडली म्हणजे प्रथम जुनी पाने पिवळी पडतात. नत्र व मॅग्नेशियम ही या वर्गातील द्रव्ये होत. लोह व जस्त यांची मात्र झाडास अशी सहजपणे हलवाहलव करता येत नाही, म्हणून त्यांची उणीव प्रथम शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसते.

एवढे ध्यानात ठेवले तरी अर्धे निदान झाले असे समजावे. मात्र, मधूनमधून दोन-चार जुनी पाने पिवळी होऊन गळणे स्वाभाविक आहे. बहार धरण्यासाठी पाणी तोडले असता पाने गळतात, त्यासही रोग समजू नये.

३. शिरांचा रंग कसा आहे?

जुने पान शिरांसह सारखेच फिकट पिवळे झाले असेल तर नत्राची उणीव समजावी. दोन-तीन पाट्या चांगले कुजलेले शेणखत आळ्यात मिसळावे. लवकर गुण यावा म्हणून १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम युरिया विरघळवून पानांवर फवारावा.

जुन्या पानाच्या मध्यशिरेच्या दोन्ही बाजू पिवळ्या पडून देठाजवळ तेवढा पाचरीच्या आकाराचा हिरवा भाग उरला असेल, तर मॅग्नेशियम कमी आहे. १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट घालून फवारणी करावी.

कोवळे पान आकाराने नेहमीएवढेच, परंतु पिवळे अथवा पांढुरके, आणि त्यावर हिरव्या शिरांचे बारीक जाळे उठून दिसत असेल, तर ती लोहाची उणीव होय. याउलट कोवळी पाने लहान, अरुंद व टोकदार होऊन शिरांच्या मधल्या भागात पिवळे पट्टे पडले असतील आणि पेरी आखूड होऊन पाने झुबक्यासारखी दाटली असतील, तर जस्ताची उणीव समजावी.

दख्खनच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनींत या दोन्ही उणिवा वारंवार आढळतात. जमिनीत लोह नसते असे नव्हे. चुनखडीमुळे ते मुळांस घेता येत नाही, आणि पाणी साचल्यास हा दोष अधिकच वाढतो. म्हणून जमिनीत हिराकस टाकण्यापेक्षा पानांवर फवारणे अधिक उपयोगी पडते. लोहासाठी १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस, तर जस्तासाठी तितक्याच पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट घ्यावे. दोहोंतही २५ ग्रॅम चुना भिजवून, गाळून मिसळावा, म्हणजे पाने करपत नाहीत. द्रावण ताजे असावे आणि फवारणी सकाळी वा सायंकाळी नवीन पालवीवर करावी.

४. डाग अथवा कीड आहे काय?

पानावर तपकिरी, खडबडीत, उंचवट्याचे डाग असून प्रत्येक डागाभोवती पिवळे वलय असेल, तर तो जिवाणूंमुळे होणारा खैऱ्या रोग होय. हे डाग फांद्यांवर व फळांवरही येतात. रोगट फांद्या छाटून जाळाव्यात आणि पावसाळ्यात एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. त्यासाठी १०० ग्रॅम मोरचूद ५ लिटर पाण्यात व १०० ग्रॅम चुना दुसऱ्या ५ लिटर पाण्यात, धातूच्या नव्हे तर प्लॅस्टिकच्या वा मातीच्या भांड्यात, निरनिराळे भिजवून मग एकत्र करावे. मिश्रणात स्वच्छ लोखंडी सुरी क्षणभर बुडवावी; तिच्यावर तांबूस थर चढल्यास आणखी चुना घालावा.

पान मध्यशिरेच्या एका बाजूस एक प्रकारे व दुसऱ्या बाजूस निराळ्या प्रकारे ठिगळे लावल्यासारखे पिवळे दिसले, तर सावध राहावे. सायला या किडीमार्फत पसरणाऱ्या ग्रीनिंग रोगाचे ते लक्षण असू शकते. या रोगावर झाड बरे करणारा उपाय नाही. अशा झाडाची पाने कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांस दाखवावीत आणि निदान पक्के झाल्यास झाड काढून टाकावे. परसातील एका झाडाच्या मायेपायी शेजारच्या बागा धोक्यात येऊ नयेत.

एका फांदीची परीक्षा

लोहाची उणीव आहे की जस्ताची याविषयी शंका राहिल्यास सर्व झाडावर सर्व औषधे फवारू नयेत. एका फांदीवर हिराकसाचे, दुसरीवर झिंक सल्फेटचे द्रावण फवारून दोन्हींस निराळ्या रंगाची चिंधी बांधावी. तिसरी फांदी तशीच ठेवावी. पंधरा दिवसांनी कोणत्या फांदीची पाने हिरवी होऊ लागली ते पाहावे. निदान चुकले असले तरी हानी एका फांदीपुरतीच राहते.

ग्रामसेवकांस एक सूचना करावीशी वाटते. शेतकऱ्याने पिवळे पान हातात आणून दिले असता तेथल्या तेथे औषधाचे नाव सांगू नये. ते पान फांदीच्या बुडाचे की शेंड्याचे, हे तुटलेल्या पानावरून कळत नाही. झाडाखाली पाणी साचते की नाही, हेही कळत नाही. झाडापर्यंत जावे, घरच्या माणसांस सोबत घ्यावे आणि ही चार लक्षणे त्यांच्याच डोळ्यांनी त्यांस पाहू द्यावीत. परसातील एका लिंबोणीवर ज्याची नजर तयार झाली, त्यास शेतातील पिकाचे पिवळे पान पाहतानाही हेच प्रश्न सुचतील आणि खताचे पोते फोडण्यापूर्वी तो एकदा माती उकरून पाहील.